विषारी दंशांच्या उपचारांचे प्रशिक्षण : सुरुवात अ‍ॅड्रिनलीनपासून

इंटर्नशिप संपवून लवकरच आकस्मिक विभागात रुजू होणाऱ्या सदस्याने विचारले आहे की, सर्पदंशाचा धडा पाठ असूनही प्रतिविष सुरू करण्याची धास्ती वाटते, तेव्हा आधी साप ओळखायला शिकावे का. माझे मत स्पष्ट आहे : आधी अ‍ॅड्रिनलीन, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन, हाताळायला शिका.

प्रतिविष बहुधा घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनवतात, त्यामुळे ते देताना तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया येऊ शकते आणि ती कोणाला येईल हे त्वचेवरच्या चाचणीने कळत नाही. याच भीतीपोटी रुग्णाला प्रतिविष न देताच पुढच्या रुग्णालयात पाठवले जाते आणि सर्वांत मोलाचे तास वाटेत जातात. म्हणून प्रौढ रुग्णासाठी १:१००० अ‍ॅड्रिनलीनचे ०.५ मिली सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवावे, आणि प्रतिविष थांबवणे, मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत इंजेक्शन देणे, श्वास व रक्तदाब सांभाळणे, रुग्ण सावरल्यावर प्रतिविष पुन्हा सावकाश सुरू करणे, हा क्रम परिचारिकांसह घड्याळ लावून इतक्या वेळा गिरवावा की प्रत्यक्ष वेळी हात अडखळणार नाही. लहान मुलांना अ‍ॅड्रिनलीन वजनानुसार द्यायचे असते. प्रतिविष मात्र प्रौढांइतकेच, कारण सापाने सोडलेले विष मूल पाहून कमी होत नाही.

दुसरे कौशल्य विषामुळे रक्त गोठेनासे झाले आहे का, हे दाखवणाऱ्या वीस मिनिटांच्या चाचणीचे. शिरेतले ताजे २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावे, २० मिनिटे अजिबात हलवू नये आणि मग नळी एकदाच तिरपी करून रक्त गोठले का ते पाहावे. नळी प्लास्टिकची असेल किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही पातळच राहू शकते. त्यामुळे शेजारी निरोगी व्यक्तीच्या रक्ताची नळी ठेवण्याची सवय लावून घ्यावी. प्रतिविषानंतर ही चाचणी साधारण ६ तासांनी पुन्हा करतात, कारण गोठण घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा अवधी लागतो.

चेताविषाची, म्हणजे मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या विषाची, लक्षणे मात्र रुग्णापाशी बसूनच शिकता येतात. पापण्या जड होत आहेत का, उशीवरून मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे ठरावीक अंतराने पाहून वेळेसह नोंदवावे. मण्यार चावल्याची खूण बऱ्याचदा दिसत नाही, आणि झोपेतून पोटदुखीने उठलेला रुग्ण साध्या अपचनाचा समजून परत पाठवला जातो. मण्यारीच्या विषाने चेतातंतूंची टोके एकदा दुखावली की प्रतिविषाने पक्षाघात लगेच उलटत नाही, नागदंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मीन हे औषधही इथे फारसे साथ देत नाही, आणि रुग्ण वाचतो तो कृत्रिम श्वासावर. श्वासनलिकेत नळी घालणे आणि पिशवीने श्वास देत राहणे भूलतज्ज्ञांकडून शिकून घ्या.

गंभीर विंचूदंशात प्राझोसिन हे औषध वेळेवर देणे महत्त्वाचे, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात केलेल्या कामातून हा उपचार रुजला. मधमाशीच्या दंशाने तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवली, तर औषध पुन्हा अ‍ॅड्रिनलीनच.

साप ओळखता आल्यास मदत होते, पण उपचार लक्षणांवरून ठरतात. नातेवाइकांना साप पकडून आणायला कधीही सांगू नका. प्रशिक्षणासाठी विभाग निवडताना तिथे रात्रपाळी मिळते का आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली पहिले प्रतिविष स्वतः सुरू करू देतात का, एवढे आधी विचारून घ्या.