पूलचा पंप राहू द्या, आधी पॉलिसीचा हप्ता बघा

प्रश्न : वय ४९, पुण्यात नोकरी. लोणावळ्याजवळ बंगला आहे, तो शनिवार-रविवार भाड्याने देतो. तिथला स्विमिंग पूल गच्चीवरच्या सोलर पॅनलनी गरम होतो. दीड एचपीचा पंप रोज आठ तास चालतो आणि बंगल्याचं वीजबिल महिन्याला ११ हजार येतं. व्हेरिएबल स्पीड पंप (वेग कमी-जास्त करता येणारा) बसवला तर ८० टक्के बचत होऊन दीड लाख रुपये दीड वर्षात वसूल होतील, असं विक्रेता सांगतो. बंगल्यावर आधीच साडेदहा टक्क्यांचं कर्ज आहे, २५ लाखांपैकी साडेबावीस बाकी. म्हणून पंपासाठी माझ्या गॅरंटीड पॉलिसीवर कर्ज काढावं म्हणतो. तिचे वर्षाला ३ लाखांप्रमाणे तीन हप्ते भरलेत. घ्यावा का पंप?

उत्तर : तुमच्या विक्रेत्याने ८० टक्के लावले ते पंपाच्या विजेला नव्हे, बंगल्याच्या अख्ख्या बिलाला. ११ हजारांचे ८० टक्के ८,८०० होतात आणि त्या हिशेबाने दीड लाख सतरा महिन्यांत वसूल होतात. पण त्या बिलात पाहुण्यांचे एसी आहेत, गिझर आहेत. पंप बदलून ते कमी वीज खाणार आहेत का?

तुमचा पंप तासाला साधारण १.४ युनिट घेतो, म्हणजे दिवसाला ११. तुमच्या बिलावरून युनिट १४ रुपयांना पडतं, तेव्हा पंपाचा महिन्याचा खर्च साडेचार हजारांच्या आसपास. बचत व्हायची ती यातूनच.

बचत होते, हे खरंच आहे. वेग निम्मा केला की पंपाला लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते. दुप्पट वेळ चालवला तरी कागदावर पाऊण वीज वाचते. पण त्याच वेळी दाब चौथाईवर येतो, हे विक्रेत्याने सांगितलेलं दिसत नाही. पूर्ण वेगात १५ मीटर पाणी चढवणारा पंप निम्म्या वेगात चार मीटरसुद्धा चढवत नाही, आणि पूलचं पाणी ज्यांतून फिरून तापतं ते तुमचे पॅनल दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आहेत. म्हणजे ऊन असेल ते पाच तास पंप ८०-८५ टक्के वेगाने चालवावाच लागणार. संथ चालवायचा तो उरलेल्या वेळात आणि पावसाळ्यात पॅनल बंद असताना. हे धरलं तर दिवसाला सहा-साडेसहा युनिट वाचतील, वर्षाला ३३ हजारांच्या आत-बाहेर. दीड लाख वसूल व्हायला साडेचार वर्षं. त्यात पॉलिसीवरच्या कर्जाचं १० टक्क्यांनी १५ हजार व्याज घाला. पहिल्या वर्षीची जवळपास निम्मी बचत तिथेच गेली.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पंपाच्या नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट आहे, म्हणजे मोटर थ्री-फेज. तिला साधा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावता येतो. १५-२० हजारांत काम होतं, कारखान्यांची कामं करणारा इलेक्ट्रिशियन बसवून देईल. आधी मोटरचं वाइंडिंग तपासून घ्या आणि ३० हर्ट्झच्या खाली जाऊ नका. वर्षाला २७-२८ हजार वाचतील. नव्या पंपाची मोटर थोडी अधिक चांगली असते, पण वरच्या पाच हजारांसाठी सव्वा लाख कोण घालतं? आणि रात्री पूलवर बबल शीट (हवेचे फुगे असलेलं प्लास्टिकचं आच्छादन) टाका. पूलची उष्णता जाते ती मुख्यतः बाष्पीभवनाने.

पंपाचा विषय माझ्या लेखी इथे संपला. आता तुम्ही न विचारलेलं.

तुम्ही सोबत जोडलेल्या कागदावर बँकेतल्या माणसाने पेनाने लिहून दिलंय : “३० लाखांचे ५१ लाख, ७० टक्के परतावा, गॅरंटीड.” दहा वर्षं ३-३ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी ५१ लाख घ्यायचे, याचा वार्षिक परतावा ५ टक्के होतो. ५ टक्क्यांची हमी आहे, एवढं मात्र खरं. या व्यवहारात निवांत झोप लागली असेल ती कमिशन घेणाऱ्याला.

तीन हप्ते गेलेच आहेत, आता मध्येच कशाला सोडायची, असं तुम्हाला वाटणार. म्हणून झालं ते बाजूला ठेवून फक्त पुढचं पाहू. उरलेले सात हप्ते भरले तर त्या २१ लाखांवर मिळणारा परतावा ६ टक्क्यांच्या आसपास. कर्जाचा दर साडेदहा. कर्जाचं व्याज तुम्ही भाड्याच्या उत्पन्नातून वजा दाखवत असाल आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तरी कर्ज सव्वासात टक्क्यांना पडतं. कुठूनही मोजा, आधी कर्ज फेडणंच फायद्याचं.

हेच ३ लाख दरवर्षी कर्जात भरा. बारा वर्षांचं उरलेलं कर्ज चार वर्षांत मिटेल, व्याजाचे १२ लाख वाचतील, आणि २७,६०० चा ईएमआय पुढची आठ वर्षं तुमच्याच खिशात राहील. कर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर बहुधा दंड लागणार नाही. मंजुरीपत्र वाचून घ्या.

घाईने पॉलिसी मोडू मात्र नका. पत्नी आणि कॉलेजातला मुलगा तुमच्यावर अवलंबून आहेत आणि ही ३३ लाखांचं विमा कवच देणारी पॉलिसी सोडली तर तुमचा दुसरा विमा नाही. (कर्ज फेडल्यावर यातले उरतात साडेदहा लाख. एवढ्यावर घर किती दिवस चालेल?) आधी एक कोटीचा टर्म विमा घ्या. तब्येतीप्रमाणे वर्षाला ४०-५० हजार लागतील. साखर, रक्तदाब, सिगारेट, काहीही लपवू नका. ती पॉलिसी हातात आली की मगच विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. सरेंडरची रक्कम साडेचार लाख आणि पेड-अपची १५ लाख असेल, तर दोन्ही जवळपास सारखंच; साडेदहा टक्क्यांच्या कर्जात टाकलेले साडेचार लाख बारा वर्षांत तेवढेच काम करतात. पेड-अप त्याहून कमी निघाली तर सरेंडर करा.

पुढचा हप्ता नोव्हेंबरात आहे आणि मागचा तुम्ही एफडी मोडून भरलात, असं पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. टर्म विम्याचा अर्ज याच आठवड्यात करा आणि नवी पॉलिसी हातात आल्याबरोबर जुन्या हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद करा. हप्ता चुकला की बँकेतून फोन येईलच, “सर, अजून दोन वर्षं भरा, मग बघू.” त्याला म्हणावं, वार्षिक परतावा किती ते ईमेलवर लिहून पाठव.