अस्वलाचे फोटो पुरे, आता लिलाव बघ

पोरी,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्यात परत तेलाच्या ड्रिलिंगला परवानगी, सगळं संपलं, पोस्ट टाकून काय उपयोग वगैरे. अगं संपलं कुठे, हे भांडण तुझ्या जन्माच्या आधीचं आहे. 1980 साली अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांच्या काळात ते अभयारण्य वाढवलं, पण किनाऱ्यालगतची साधारण 15 लाख एकर जमीन अधांतरी ठेवली, तिथलं तेल काढायचं की नाही ते काँग्रेस नंतर ठरवेल म्हणून (त्यांची काँग्रेस गं, म्हणजे संसद, आपली नाही), तेव्हापासून ओढाताण चालूच आहे.

तुझ्या पोस्टमधले ते अस्वलाचे फोटो जरा कमी कर, लोकांना सवय झालीये. कॅरिबूंचं सांग, म्हणजे तिकडच्या रेनडियर हरणांचं. त्यांचा पॉर्क्युपाइन नावाचा कळप, 2017 च्या मोजणीत 2 लाख 18 हजार जनावरं. जूनच्या सुमाराला माद्या त्याच किनाऱ्यावर व्यायला जातात कारण तिथे चारा कोवळा, लांडगे कमी, आणि समुद्राचा वारा असतो म्हणून डास कमी, नाहीतर तिकडचे डास जनावराला धड चरू देत नाहीत. तिथले मूळनिवासी ग्विचिन लोक याच कळपावर जगतात, ते त्या जमिनीला जिथे आयुष्य सुरू होतं ती पवित्र जागा म्हणतात.

पण त्याच किनाऱ्यावरच्या काक्टोविक गावातल्या इनुपियाट या दुसऱ्या मूळनिवासी लोकांना व्हिलन करू नकोस हं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ड्रिलिंग हवंय, तिकडच्या गावांत शाळा, दवाखाना, घरात नळ हे सगळं तेलाच्या टॅक्समधून आलंय. मी एका व्याख्यानात असंच सरसकट बोलले होते, समोरून एका आजोबांनी विचारलं, बाई तुमच्या घरी गॅस पाइपने येतो ना? गप्प बसले.

आणि कंटाळवाणे कागद वाच. ग्विचिन लोक स्वतः बँकांना जाऊन भेटले, 2019 मध्ये गोल्डमन सॅक्स या मोठ्या अमेरिकन बँकेने आर्क्टिकमधल्या नव्या तेलाला पैसा देणार नाही म्हणून सांगितलं. तिथे तेल काढायच्या हक्कांच्या, जानेवारी 2021 च्या पहिल्या लिलावाकडे मोठ्या तेल कंपन्या फिरकल्याच नाहीत, बहुतेक प्लॉट अलास्का राज्याच्याच एका सरकारी संस्थेने घेतले. जानेवारी 2025 ला तर एकही बोली नाही! त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने अजून 4 लिलाव लावलेत. तर पुढच्या वेळी बोली कोण लावतंय आणि त्यांना कर्ज कोण देतंय ते शोध, सापडलं की मला पाठव, दीडला नको, मी दहाला झोपते.