तेल दाट, मग पाण्यावर कसं?

प्रश्न : तेल पाण्यापेक्षा दाट असूनही वर तरंगतं, मध मात्र तळाला जातो. असं का? आणि १ लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम कसे लिहिलेले असतात?

उत्तर : ‘घनदाट’ हा शब्द आपण एका दमात म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. घनता म्हणजे ठरावीक मापात किती वजन मावतं. दाटपणा (पुस्तकी भाषेत श्यानता) म्हणजे द्रव वाहताना किती अडतो. तरंगणं-बुडणं ठरतं ते घनतेवर. पाण्याची घनता १ धरली तर शेंगदाणा तेलाची ०.९१ च्या आसपास, म्हणून लिटरभर तेल ९१० ग्रॅम भरतं. त्याचे रेणू लांबलचक असल्याने वाहताना एकमेकांना अडवतात, त्यामुळे दाटपणा मात्र पाण्याच्या पन्नासपटीहून जास्त. पाऱ्याचं उलट : घनता १३.६, पण दाटपणा पाण्याच्या जेमतेम दीडपट. मध दोन्हींत पाण्याच्या पुढे, घनता साधारण १.४.

घनता घरी काढता येते. अरुंद तोंडाची काचेची बाटली घ्या; प्लॅस्टिकची दाबली की माप बदलतं. समजा रिकामी १८० ग्रॅम, काठोकाठ पाणी भरून ४३० ग्रॅम. म्हणजे पाणी २५० ग्रॅम. बाटली पूर्ण वाळवा आणि तशीच काठोकाठ तेलाने भरा. वजन ४०९ आलं तर तेल २२९ ग्रॅम. २२९ भागिले २५० म्हणजे ०.९१६. बाटलीत पाण्याचे थेंब राहिले किंवा बाहेरून तेलाचा ओघळ आला की उत्तर चुकलंच. मध बाटलीच्या कडेने सावकाश ओता आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबा, नाहीतर हवेमुळे वजन कमी भरतं.

दाटपणा बघायला उंच ग्लासात सायकलचा छर्रा सोडा. पाण्यात तो टचकन तळाला जातो, एरंडेलात सावकाश उतरतो आणि मधात तर वाट बघायला लावतो. तेच तेल ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवलं, तर दाटपणा निम्म्याहून खाली येतो, घनता मात्र फक्त दोनेक टक्क्यांनी घटते. कढईतलं तापलेलं तेल पाण्यासारखं पळतं ते यामुळे.

प्रश्न : मग याच पद्धतीने दुधातलं पाणी ओळखता येईल?

उत्तर : नाही. गाईच्या दुधाची घनता १.०३ च्या आसपास असते. १० टक्के पाणी घातलं तर ती ०.००३ ने उतरते, म्हणजे आपल्या बाटलीत पाऊण ग्रॅमचा फरक. एकेक ग्रॅम मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्याला तो कळणार नाही. लॅक्टोमीटर (दुधात तरंगत ठेवून घनता दाखवणारी नळी) जास्त नेमका, पण त्यालाही फसवता येतं. साय दुधापेक्षा हलकी, त्यामुळे ती काढली की घनता वाढते. मग बेताने पाणी घातलं की आकडा पुन्हा जागेवर येतो. म्हणून डेअरीत घनतेबरोबर फॅटही तपासतात.