परदेशात दाढ अचानक दुखायला लागली तर

तू विचारलंयस की निघायला दीड महिना आहे, डेंटिस्टने एका दाढेचं रूट कॅनल सांगितलंय पण सध्या दुखत नाहीये, तर तिकडे गेल्यावर केलं तर चालेल का आणि इमर्जन्सी नक्की कशाला म्हणायची.

पहिल्याचं उत्तर, नाही, आत्ताच करून घे. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं, बऱ्याचदा आतली नस मेलेली असते म्हणून ठणका थांबतो आणि इन्फेक्शन मुळाशी चालूच राहतं, मग एक दिवस गाल सुजतो. आणि रूट कॅनल झालं की कॅपसुद्धा बसवूनच निघ, तशी दाढ ठिसूळ होते, नुसत्या फिलिंगवर महिनोन्महिने चावत बसलास तर उभी चिरते आणि मग काढण्याशिवाय पर्याय उरत नाही. एक्सरे आणि केसपेपर फोनमध्ये ठेव.

आता इमर्जन्सी. नवीन देशात आपला ठरलेला डॉक्टर नसतो, फोन केला की पलीकडची व्यक्ती चार प्रश्न विचारते आणि त्यावरून ठरतं की आज बोलवायचं की दोन आठवड्यांनी. "खूप दुखतंय" असं तर सगळेच म्हणतात, त्याने काही होत नाही. सांगायचं ते असं: कधीपासून दुखतंय, रात्री झोपमोड होते का, गार लागल्यावरची कळ लगेच जाते की बराच वेळ राहते, सूज आहे का, ताप आहे का, तोंड किती उघडतंय, कुठली गोळी किती घेतली. गारची कळ दोन सेकंदात गेली तर थांबता येतं. राहिली, गरमनेही दुखलं, आडवं झाल्यावर वाढलं, तर नस आपोआप बरी होण्यापलीकडे सुजलीये असं धरून लवकरात लवकरची अपॉइंटमेंट माग.

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे सरकतीये, गिळता येत नाही, श्वासाला त्रास, तोंड उघडत नाही, किंवा सूज आणि सोबत ताप, यातलं काहीही असलं तर डेंटिस्ट शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी. जिभेखालची सूज श्वासनलिका दाबू शकते. आणि खालच्या जबड्यात दुखतंय पण सोबत छातीत दडपण आणि घाम असेल तर तो दाताचा प्रकार नाही, अॅम्ब्युलन्स बोलाव.

दात आख्खा निघून पडला तर मात्र मिनिटं मोजायची. वरच्या पांढऱ्या भागाला धर, मुळाला हात लावू नको, घाण असेल तर गार पाण्याखाली जेमतेम 10 सेकंद धर, घासायचं अजिबात नाही, आणि परत त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल हलके चावून धर. जमत नसेल तर दुधात ठेव, साध्या पाण्यात नको, मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या तासात पोचलास तर उत्तम, तासाच्या पुढे चान्स कमी होत जातो. लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

कॅप निघाली तर ती जपून ठेव, फार्मसीत टेम्पररी डेंटल सिमेंट मिळतं, सुपरग्लू लावू नकोस प्लीज (लोक लावतात!). दात काढल्यावर रक्त येत राहिलं तर गॉज 20-30 मिनिटं दाबून चाव, दर दोन मिनिटांनी उघडून बघू नको. तरी थांबलं नाही तर फोन कर.

गोळ्यांचं म्हणशील तर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला एकत्र चालतं, पण अल्सर, किडनीचा त्रास, प्रेग्नन्सी किंवा रक्त पातळ करायची औषधं असतील तर आयबुप्रोफेन नको. पॅरासिटामॉल 24 तासात 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि सर्दीच्या गोळ्यांमध्येही तेच असतं हे लक्षात ठेव. अॅस्पिरिन हिरडीवर दाबून ठेवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको, हिरडी भाजते. बॅगेत अँटिबायोटिक भरून नेण्याचा सल्ला पण मिळेल, पण नस सुजल्याच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही आणि पू झाला असेल तर तो काढावाच लागतो.

इन्शुरन्स घेताना डेंटल वेगळं बघ, ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक वेळा फक्त अचानक उठलेलं दुखणं थांबवण्यापुरतंच कव्हर असतं आणि आधीपासून माहीत असलेली दाढ त्यातून वगळतात, म्हणजे तुझी ही दाढ धरून.