तारकर्लीला गेल्यावर सांगू का, मॅडम?

"गोष्टीत बरं असतंय मॅडम. खोलीत एकच बेड निघतो आणि सगळं जमून जातं," असं म्हणून तो स्वतःच हसला. माझ्याकडं सल्ल्याला आलेला चोविशीतला मुलगा, शिरोली एमआयडीसीत नोकरीला, राहायला कोल्हापुरात पेठेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्यानं मोबाइलवर एक इंग्रजी कादंबरी वाचली होती. दोन जुने मित्र सुट्टीला समुद्रावर जातात आणि तिथं एकमेकांच्या प्रेमात पडतात. याचाही शाळेपासूनचा एक मित्र होता. दिवाळीत दोघं तारकर्लीला जाणार, होमस्टेही बुक झालेला. "तिथंच सांगू, का गप्प बसू? दोस्ती गेली तर?"

मैत्रीतून प्रेम झालं की ही धाकधूक मुलामुलींनाही असतेच. समलिंगी मुलाला मात्र दुहेरी भीती असते. नकार येईलच, शिवाय गुपितही दुसऱ्याच्या हातात जाईल. आणि पेठेत एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर कळतं.

मध्येच त्यानं खाली बघत विचारलं, "यावर गोळ्या असतात का?" नसतात, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून प्रौढांचे संमतीचे संबंध आपल्याकडं गुन्हाही नाहीत. तरी 'बरा करून देतो' म्हणणारे भेटतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय, हेही त्याला सांगितलं.

मग तारकर्लीकडं आलो. अशा कादंबऱ्या मलाही आवडतात, पण त्यातली सुट्टी लेखकाच्या सोयीची असते. दोघांच्या मनातलं त्याला आधीच ठाऊक असतं. इथं मित्राच्या मनातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं "नाही" म्हटलं तर? तीच खोली, तेच जेवणाचं टेबल आणि परत येताना एकाच गाडीतून अख्खा घाट. गोंधळलेल्या माणसाला उठून जायला वाट तरी हवी. म्हणून मी म्हटलं, सांगायचं तर कोल्हापुरातच सांग. रंकाळ्यावर, ज्यानं त्यानं आपापल्या गाडीवर यायचं.

दुसरं म्हणजे, 'मी समलिंगी आहे' आणि 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या दोन गोष्टी कादंबरीत एकाच पानावर उरकतात. त्याला मी त्या वेगळ्या करायला लावल्या. पहिलीवर मित्र कसा वागतो ते बघ, मग दुसरी. आणि दुसरीचं उत्तर जागेवर मागू नकोस.

पहिली गोष्ट ऐकून मित्र म्हणाला, "एवढंच व्हय? मला वाटलं नोकरी गेली तुझी." दुसरी काही दिवसांनी सांगितली, तेव्हा मात्र तो गप्प झाला. बरेच दिवस फोन नाही. या मुलानं ते दिवस फार अवघड काढले, झोप उडाली होती. मग मेसेज आला: "मला तसं वाटत नाही रे. पण तू नसल्यावर मिसळ खायला कोण येणार?"

तारकर्लीचं बुकिंग रद्द झालं. ते मला बरंच वाटलं. मन निवायला त्याला थोडं अंतर हवं होतं.

आता तो आईला सांगायचं म्हणतोय. त्याची मी घाई करत नाही. राहायला तो आईवडिलांकडंच आहे आणि वडिलांचा स्वभाव तापट. आधी भाड्याच्या खोलीपुरते पैसे बाजूला पडू देत, असं आमचं ठरलंय.