बार्सिलोनाची पालिका निवडणूक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

स्पेनमधली पुढची पालिका निवडणूक 23 मे 2027 रोजी, रविवारी आहे. बार्सिलोनात राहणाऱ्या मराठी मंडळींची पत्रं आत्तापासून वाढली आहेत, आणि बहुतेक पत्रांत तेच दोन गोंधळ आहेत: मत कोणाला देता येतं, आणि सर्वांत जास्त मतं मिळवणारा माणूस महापौर का होत नाही. एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी असतात, त्यामुळे ती जाणकाराला दाखवल्याशिवाय कुठलंही पाऊल उचलू नका.

माझ्याकडे एनआयई (परदेशी नागरिकाचा ओळख क्रमांक) आहे, सहा वर्षं नोकरी करतो, कर भरतो. पालिकेसाठी मत देता येईल का? (पोब्लेनोउ)

नाही. भारतीय पासपोर्टवर स्पेनमधल्या कुठल्याही निवडणुकीत मत देता येत नाही.

पण पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला पालिकेचं मत मिळतं, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे का? (सांत्स)

तो अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीने जास्त नुकसान होतं. स्पॅनिश राज्यघटनेच्या तेराव्या कलमानुसार परदेशी नागरिकाला पालिका निवडणुकीत मत देता येतं ते परस्पर करार असेल तरच. म्हणजे त्याच्या देशात स्पॅनिश माणसाला तोच हक्क असायला हवा. 2023 च्या निवडणुकीत अशा देशांमध्ये बोलिव्हिया, कोलंबिया, एक्वाडोर, पेरू, चिली, पॅराग्वे, नॉर्वे, आइसलँड, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, ब्रिटन वगैरे होते. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट यांच्यापैकी बहुतेकांना लागू होते. भारत या यादीत नाही. आपल्याकडे महापालिकेचं मत फक्त भारतीय नागरिकाला आहे, त्यामुळे देवाणघेवाणीचा प्रश्नच येत नाही. तुमच्या ऑफिसातल्या कोलंबियन सहकाऱ्याला मत आहे म्हणून तुम्हालाही असेल, असं समजू नका. पुढचा मेसेज आला की पाठवणाऱ्याला एकच विचारा: यादीत भारताचं नाव दाखव.

मी मूळची मडगावची. आजोबांमुळे माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मला मत आहे का? (ग्रासिया)

आहे. तुम्ही युरोपीय संघाच्या नागरिक आहात, म्हणून पालिका आणि युरोपीय संसद या दोन निवडणुकांत मत देऊ शकता. कातालोनियाची विधानसभा आणि माद्रिदची संसद यांसाठी मात्र नाही. पालिकेला उमेदवार म्हणूनही उभं राहता येतं. फ्रान्सचे माजी पंतप्रधान मानुएल व्हाल्स 2019 मध्ये बार्सिलोनातच यादीचं नेतृत्व करत होते आणि त्यांच्या यादीचे सहा नगरसेवक निवडून आले.

पण हे मत आपोआप मिळत नाही. 'मला स्पेनमध्ये मत द्यायचं आहे' अशी लेखी इच्छा आधी नोंदवावी लागते. मतदान मेमध्ये असलं तरी मतदारयादी महिनोन्‌महिने आधी गोठवली जाते. 2023 मध्ये मतदान 28 मेला होतं आणि ही नोंद जानेवारीअखेरपर्यंत करायची होती. एप्रिलमध्ये जागे झालेल्यांच्या तक्रारी माझ्याकडे आल्या. तेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नव्हतं. यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात, त्यावर विसंबू नका. तुमची नोंद आहे की नाही हे निर्वाचक नोंदणी कार्यालयात आजच विचारा.

पोर्तुगीज नागरिकत्वामुळे तुमच्या भारतीय कागदपत्रांचं काय होतं, हा स्वतंत्र आणि नाजूक विषय आहे. लिस्बनला नुसती जन्मनोंद केली आहे की पासपोर्टही घेतला आहे, यावरून गोव्यात बराच वाद झालेला आहे. त्याबद्दल वकिलाला विचारा, मावशीला किंवा ट्रॅव्हल एजंटला नको.

2023 मध्ये त्रियास पहिले आले, मग महापौर कोल्बोनी कसे झाले? इथले लोक म्हणतात सौदा झाला. (ला साग्रेरा)

हा प्रश्न दर चार वर्षांनी येतो. बार्सिलोनाचा नागरिक महापौराला थेट मत देत नाही. तो 41 नगरसेवक निवडतो आणि नगरसेवक महापौर निवडतात. 2023 मध्ये शाव्येर त्रियास यांच्या यादीला 11 जागा मिळाल्या, झाउमे कोल्बोनी यांच्या समाजवाद्यांना 10, तोवर महापौर असलेल्या आदा कोलाउ यांच्या आघाडीला 9, एस्केर्रा या डाव्या स्वातंत्र्यवादी पक्षाला 5, उजव्या पॉप्युलर पार्टीला 4 आणि अतिउजव्या व्हॉक्सला 2. कोणाकडेच 21 नव्हते.

निवडणूक कायद्याचं 196 वं कलम इथे समजून घ्या. पहिल्या सभेत 21 मतं कोणालाच पडली नाहीत, तर सर्वाधिक लोकमतं मिळवलेल्या यादीचा प्रमुख आपोआप महापौर होतो. म्हणजे बाकीचे गप्प बसले असते तर त्रियास महापौर होते. 17 जूनच्या सभेत कोलाउंच्या नऊ आणि पॉप्युलर पार्टीच्या चार नगरसेवकांनी कोल्बोनींना मत दिलं. हे दोन गट एकमेकांचे कट्टर विरोधक. पण कोलाउंच्या गटाला त्रियास यांची धोरणं नको होती, पॉप्युलर पार्टीला कातालोनियाच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या त्रियास यांच्या पक्षाच्या हाती शहर जायला नको होतं. दहा, नऊ आणि चार मिळून 23 झाले.

2019 मध्येही हेच घडलं. एस्केर्राचे एर्नेस्त मारागाय सुमारे 4,800 मतांनी पुढे होते, जागा मात्र त्यांच्या आणि कोलाउंच्या दहा-दहा. समाजवाद्यांचे आठ आणि व्हाल्स यांच्या गटातले तिघे कोलाउंकडे गेले आणि बरोबर 21 झाले. तुम्हाला हे राजकारण आवडो वा न आवडो, 1985 पासून कायदा हाच आहे. जिथे बहुमत एकहाती मिळतं तिथे प्रश्नच उरत नाही: माद्रिदमध्ये 2023 ला अल्मेइदा यांच्या यादीने 57 पैकी 29 जागा घेतल्या आणि विषय संपला. 'सौदा' म्हणणाऱ्याला पुरावा विचारा. नसेल तर पुढे पाठवू नका.

आमच्या भागाचा नगरसेवक कोण? कचऱ्याची तक्रार कोणाकडे करायची? (सांत आंद्रेउ)

भागातून निवडून आलेला असा कोणी नसतो. मुंबईत 227 प्रभाग आहेत. बार्सिलोनात संपूर्ण शहर हा एकच मतदारसंघ आहे. पक्ष क्रमवार नावांची यादी देतो, तुम्ही ती आहे तशी पाकिटात घालता. नाव खोडलं किंवा शेरा लिहिला तर मत बाद. शहराचे दहा जिल्हे आहेत आणि प्रत्येकाची जिल्हा परिषद आहे, पण तिचे सभासद पक्ष नेमतात, त्या जिल्ह्यातल्या मतांच्या प्रमाणात. तक्रार जिल्हा कार्यालयात करा आणि नोंदणी क्रमांक घ्या.

छोट्या पक्षाला दिलेलं मत वाया जातं का? (विद्यार्थी, पुणे)

शहरातल्या वैध मतांपैकी पाच टक्के मिळाले नाहीत तर त्या यादीला एकही जागा मिळत नाही. कोरी मतं वैध धरली जातात, बाद मतं नाहीत. कूप या डाव्या स्वातंत्र्यवादी पक्षाचे 2015 मध्ये तीन नगरसेवक होते. 2019 मध्ये तो पाच टक्क्यांखाली गेला आणि तिन्ही जागा गेल्या. पाच टक्के ओलांडणाऱ्यांत जागावाटप द'ओंत पद्धतीने होतं: प्रत्येकाच्या मतांना एक, दोन, तीन असं भागत जायचं आणि सर्वांत मोठ्या 41 भागाकारांना जागा द्यायच्या.

मत देता येत नाही, मग पाद्रोन कशाला? घरमालक नको म्हणतो. एक ओळखीचा एजंट पैसे घेऊन दुसऱ्या पत्त्यावर करून देतो म्हणतोय. (एल राव्हाल)

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं उत्तर-सत्र घेतलं असतं.

पाद्रोन म्हणजे पालिकेची रहिवासी नोंद. 1985 च्या स्थानिक शासन कायद्यानुसार स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने ती करायची असते. व्हिसा आहे का, संपला आहे का, हे तिथे पाहिलं जात नाही. तुम्हाला मत नसलं तरी तुमची गणती शहरात होते, आणि शहराचे नगरसेवक किती हेसुद्धा या नोंदीवरून ठरतं. एक लाख लोकसंख्येपर्यंत 25, पुढे प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला एक, बेरीज सम आली तर आणखी एक. बार्सिलोनाचे 41 असे येतात. केंद्राकडून शहराला येणाऱ्या पैशातही हाच आकडा धरला जातो. नोंद न करणारी प्रत्येक व्यक्ती शहराच्या हिशेबात नसतेच.

आणि तुमच्या स्वतःच्या कामाचं म्हणाल तर, आरोग्य कार्ड, मुलाचा शाळाप्रवेश, अर्राइगोच्या मार्गाने (इथल्या वास्तव्याच्या आधारे) परवाना आणि पुढे नागरिकत्व या प्रत्येक ठिकाणी 'तू इथे कधीपासून राहतोस' याचं उत्तर पाद्रोनवरून शोधलं जातं. तीन वर्षं राहून नोंद एकाच वर्षाची असली, तर उरलेली दोन वर्षं दुसऱ्या कागदांनी सिद्ध करत बसावं लागतं. अशी माणसं माझ्याकडे रडत आलेली आहेत.

आता घरमालकाचं. भाडेकरार तुमच्या नावावर असेल तर त्याची परवानगी लागत नाही. करारच पुरेसा आहे. करार तुमच्या नावावर नसेल तर ज्याच्या नावावर आहे त्याची लेखी संमती लागते. तीही मिळत नसेल तर पालिका खात्री करून घेते आणि 'निश्चित पत्ता नसलेला' म्हणूनही नोंद करते. बार्सिलोनात ही सोय आहे, आणि ती वापरण्यात लाज वाटण्याचं कारण नाही.

एजंटचं उत्तर स्पष्ट आहे: त्याला एक पैसा देऊ नका. पाद्रोन फुकट होतो. त्यासाठीची भेटीची वेळही फुकट असते; ती विकणारे लोक तुमच्या घाईवर जगतात. जिथे तुम्ही राहत नाही तिथला पत्ता विकत घेतलात, तर एकाच खोलीत वीस-वीस नावं असलेल्या पत्त्यांवर पालिकेची तपासणी येते, नोंद रद्द होते, आणि खोट्या माहितीचा डाग तुमच्या नावावर राहतो. एजंटचा फोन तेव्हा बंद असतो.

आणखी दोन गोष्टी. दीर्घकालीन परवाना नसलेल्या, युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला दर दोन वर्षांनी ही नोंद नव्याने करावी लागते. नाही केली तर ती संपते, आणि पत्र जुन्या घरी गेल्याने तुम्हाला कळतही नाही. दुसरी, तुमचं घर नक्की बार्सिलोनातच आहे ना, हे पाहा. मेट्रोच्या एल-1 मार्गावर तुम्ही ल'ओस्पितालेतमध्ये उतरत असाल तर ती वेगळी पालिका आहे; रस्ता ओलांडला की शहर बदलतं आणि महापौरही.

हे सगळं या आठवड्यात करा. घर बदललं की पहिलं काम तेच. अडचण आली तर पालिकेच्या नागरिक कार्यालयात किंवा स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडे जा. अनेक संस्थांत आणि वकील मंडळात मोफत सल्ला मिळतो.

तिथल्या निवडणुका पुढे ढकलल्या जातात का? मुंबईत पालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि वर्षानुवर्षं प्रशासक होता. (ठाणे)

नाही. दर चार वर्षांनी मे महिन्याचा चौथा रविवार, असं कायद्यातच लिहिलं आहे. प्रभागरचना नसल्याने तिच्यावरचे खटलेही नसतात. मतदानानंतर विसाव्या दिवशी नवी सभा बसते. निकालाला आव्हान असेल तर चाळिसाव्या. बहुमत नसलेला महापौरही कारभार चालवतो. अंदाजपत्रक अडलं तर तो त्यावर विश्वासमत मागतो. हरला, आणि विरोधकांनी महिनाभरात दुसऱ्या उमेदवाराचं नाव देऊन बहुमताने अविश्वास ठराव आणला नाही, तर अंदाजपत्रक मंजूर धरलं जातं. कोलाउ आणि कोल्बोनी दोघांनीही ही वाट वापरली आहे. आपल्याकडच्या प्रशासकाच्या त्या वर्षांत लोकांनी कोणाकडे दाद मागायची होती, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. लोकांनी निवडलेला दुबळा महापौर मला नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्यापेक्षा केव्हाही चालेल.

मला स्पेनमध्ये नऊ वर्षं झाली. 2027 च्या निवडणुकीआधी नागरिकत्व मिळून मत देता येईल का? (आयशाम्प्ले)

त्या आशेवर राहू नका. भारतीय नागरिकाला साधारणपणे सलग दहा वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, शिवाय भाषेची आणि घटना-समाजज्ञानाची परीक्षा, मग अर्ज, शपथ. अर्जावर निर्णय यायला वेळ लागतो, आणि मतदारयादी मेच्या खूप आधी गोठते. स्पॅनिश नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. ओसीआय कार्ड मिळालं तरी भारतात मत राहत नाही. स्पॅनिश जोडीदार असेल, किंवा इथे जन्मलेल्या मुलासाठी अर्ज करायचा असेल, तर वर्षांचं गणित वेगळं आहे. तरीही अर्जाआधी वकिलाशी आणि भारतीय दूतावासाशी बोला.

मतदानाच्या दिवशी ऑफिसला सुट्टी असते का? (सांत मार्ती)

मतदान रविवारी असतं, सकाळी नऊ ते रात्री आठ. त्या दिवशी पाळी असलेल्या मतदाराला मतदानासाठी पगारी वेळ मिळतो; किती, ते तुमच्या कामाच्या वेळेवर अवलंबून. मनुष्यबळ विभागाला आठवडाभर आधी लेखी विचारा.