आधी बाथरूमचं दार मोजा

ताई, आईंच्या व्हीलचेअरसाठी घरात बदल करायचे म्हणता, पण रॅम्पची घाई नको. आधी टेप घेऊन बाथरूमचं दार मोजा. जुन्या फ्लॅटमध्ये ते बहुधा अडीच फुटांचं असतं. चौकट आणि उघडलेली फळी वजा केली की खुर्ची अडकते. माझ्या बाबांच्या बोटांची सालं तिथेच निघायची, अजून आठवतं. मोकळी जागा 32 इंच तरी हवी. दार बाहेर उघडणारं करा, म्हणजे आत कोणी पडलं तरी उघडता येतं. उंबऱ्याचा कडप्पा काढा, पण त्याआधी पाण्याचा उतार जाळीकडे करून घ्या. आधाराचे दांडे पक्क्या विटांच्या भिंतीतच बसवा. रॅम्पला एक इंच उंचीमागे एक फूट लांबी धरा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. गवंडी येईल तेव्हा आईंना समोर बसवा, दांड्याची उंची त्यांच्या हातानेच ठरू दे.